सियालदहला घेतलेलं नाव

सासूला ‘कोण?’ म्हणून विचारायचं, तेही फोनवर, तेही सासू भर सियालदह स्टेशनात परक्या बाईचा फोन कानाला लावून उभी असताना, हे वागणं कुठल्या शाळेत शिकवतात ते प्रेमलताबाईंना कळेना. त्यांची स्वतःची शाळा चौथीत संपलेली, म्हणून कळत नसेल कदाचित. नूपुरची सोळावी की सतरावी जी काय असते ती झालेली. सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमधल्या काचेच्या इमारतीत बसून ती दिवसभर कॉम्प्युटरची राखण करते, असं प्रेमलताबाई महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगायच्या. सांगताना मान जरा ताठच व्हायची. आता त्याच राखणदारणीनं घरच्या म्हातारीला वेशीवर अडवलं होतं. बाकावर बसून प्रेमलताबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. समोरून माणसांचा लोंढा चालला होता, कोणाच्या डोक्यावर फुलकोबीची टोपली, कोणाच्या हातात कोंबड्यांचा पिंजरा, आणि त्या एवढ्या माणसांसमोर आपण मघाशी काय बोललो ते आठवून त्यांचे कान पुन्हा तापले.

झालं होतं ते एवढंच. बराकपूरला मैत्रिणीकडे, विजयाकडे, त्या सकाळीच गेल्या होत्या. जेवून, वामकुक्षीला नाही म्हणून, दुपारच्या गाडीनं परत आल्या आणि सियालदहला उतरून पिशवीत हात घातला, तर फोन नाही. कधी गेला तेही ठाऊक नाही. जातानाच्या गर्दीतच कोणी काढला असणार, कारण विजयाकडे त्यांनी तो बाहेर काढलाच नव्हता. माणसाशी बोलायला जायचं आणि फोनशी बोलत बसायचं, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. बटवा कमरेला होता, तिकीट होतं, घरची वाट पायांना पाठ होती. नडलं ते दार. दाराला नूपुरनं आकड्यांचं कुलूप बसवलेलं आणि परवाच त्याचा आकडा बदललेला. जुना पाठ होता, नवा फोनमध्ये. म्हणजे किल्ली चोराच्या खिशात आणि सासू फलाटावर. शेजारी बनगावच्या गाडीची वाट बघत एक बंगाली बाई बसली होती, मांडीवर मिठाईचा खोका सांभाळून. तिनं प्रेमलताबाईंची पिशवीतली शोधाशोध पाहिली आणि “की होलो, मासीमा?” म्हणून विचारलं. “हमारा फोन गया,” एवढं म्हणताच तिनं स्वतःचा फोन पुढं केला. नाव कादंबरी. काही चौकशी नाही, काही नाही. परकी बाई देते आणि घरची पोर...

“कोण?” नूपुरनं विचारलं होतं.

“अगं कोण काय? मी बोलतेय. माझा फोन गेला. दाराचा नवा नंबर सांग, घरी जाते.”

पलीकडून कोरड्या आवाजात, “उखाणा घ्या.”

“काय?”

“उखाणा. ठरलंय आपलं.”

“मी स्टेशनात आहे, नूपुर! माझा आवाज कळत नाही का तुला?”

“आवाज कळतोय. उखाणा घ्या, नाहीतर मी ठेवते.”

आवाज कळतोय! कळून विचारत होती. न कळून विचारलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं, टॉवर नसेल, गोंगाट असेल. फोन आपटून द्यावा असं प्रेमलताबाईंना वाटलं, पण फोन कादंबरीचा होता. ‘मी कशी उखाणा घेऊ,’ हे त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं, कारण ते उच्चारलं असतं तर त्यापुढचंही उच्चारावं लागलं असतं. कपाळ, गळा, सगळं बोलावं लागलं असतं. आणि मग, रागानंच असेल, त्यांनी एकदम मोठ्यांदा घेतला. मंडळाच्या हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा तो आवाज.

“हावड्याच्या पुलाला सापडेना स्क्रू, चारुदत्तराव म्हणतात ‘राहू दे’, मी म्हणते ‘करू’!”

एक हमाल ओझ्यासकट वळून बघायला लागला. कादंबरी काही न समजताच हसली आणि खोका सावरत म्हणाली, “बाह्! कविता?” फोनमध्ये बराच वेळ काही नाही. नंतर नूपुर म्हणाली, “बरं. तिथंच बसा. हलू नका. मी येते.” आणि ठेवला. लागलं का, घाबरलात का, पाणी प्यालात का, एक शब्द नाही. दाराचा नंबर तर नाहीच.

येऊ दे. येऊ दे तिला. मुलगा कौस्तुभ ऑफिसच्या कामाला हैदराबादेत होता, तो आला की त्याला स्पष्ट सांगायचं: बाबा रे, तुझा संसार तुला लखलाभ, मला सांगलीचं तिकीट काढून दे. सुरेश धाकटा भाऊ, त्याची बायको जराशी बावळट आहे, पण तिच्या दाराला साधी कडी आहे. तिथं कोणी विचारणार नाही, तुम्ही कोण. जिथं स्वतःची ओळख पटवावी लागते ते घर कसलं, ती कचेरी. हे त्यांनी मनात इतक्या ठसठशीतपणे म्हटलं की क्षणभर सांगलीला पोचल्यासारखंच वाटलं. भावाच्या ओसरीवर ट्रंक ठेवली. आणि मग तिथं करायचं काय, ते काही सुचेना. उमेदीची सगळी वर्षं या शहरात गेलेली. सांगलीतलं कोण उरलं होतं? इथं मात्र कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना बघितलं की आधीच भाव कमी करून ठेवायचा, भांडण नको म्हणून.

बँकेनं यांची बदली इकडं केली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. रडणं त्यांच्या अंगातच नव्हतं. हावड्याला उतरून पहिल्यांदा नदी पार केली ती लाँचनं. यांनी वर बोट दाखवून सांगितलं होतं, एवढा अजस्र पूल, पण एक नटबोल्ट नाही त्याला, सगळा रिव्हेट ठोकून उभा केलाय. त्या म्हणाल्या, मोजून आलात का? ते म्हणाले, ऐकून आलो. त्या म्हणाल्या, मग मी बघते. आणि खरंच पुढची कित्येक वर्षं पुलावरून बस गेली की त्यांची नजर लोखंडावरून फिरायची. एकही दिसला नाही. ते जिंकले होते, पण जिंकलो असं कधी म्हणाले नाहीत. त्यांचं सगळं तसंच होतं, ‘राहू दे’. भांडण राहू दे, बढती राहू दे, नवा पंखा राहू दे. उखाणा त्यातूनच झाला होता, कौस्तुभच्या लग्नाच्या पंगतीत. सुनेनं घेतला, मग सगळे सासूच्या मागे लागले, आणि प्रेमलताबाईंनी वरणाचं भांडं हातात असतानाच जुळवून फेकला. हे हसले. हसता हसता ठसका लागला, तोंडातला जिलबीचा तुकडा ताटात पडला, आणि नवी नवरी नूपुर पटकन उठून पाणी घेऊन आली. लग्नातली माणसं पांगली, उखाणा कोणाच्या लक्षात राहिला नाही. प्रेमलताबाईंच्याही राहिला नसता.

हे गेल्यावर उखाण्याचा प्रश्न उरला नाही. मंडळाच्या संक्रांतीला त्या अजूनही जायच्या, तिळगूळ वळायच्या, कोणाचा पाक चिकट झालाय ते तोंडावर सांगायच्या. पण नाव घ्यायची वेळ आली की खुर्च्यांच्या रांगेतून ‘आता तुम्ही, आता तुम्ही’ पुढं सरकायचं आणि त्यांच्या खुर्चीपाशी येऊन अलगद उडी मारून पलीकडे जायचं. कोणाच्या मनात वाईट नसायचं. उलट माया होती ती, आणि तीच खुपायची. घरात तर हे म्हणजे ‘हे’. आयुष्यभर ‘हे’, ‘अहो’, ‘ऐकलं का’. जिवंतपणी नावानं हाक मारायची रीत नव्हती आणि आता हाक मारायला माणूस नव्हता. दारावरच्या पाटीवर नाव होतं, बँकेच्या पाकिटांवर होतं, डोळ्यांना रोज दिसत होतं. जिभेवर मात्र ते किती दिवसांत आलं नव्हतं! मघाशी आलं. चारुदत्तराव. त्यांनी आता बाकावर बसल्या बसल्या ओठ न हलवता ते पुन्हा म्हणून पाहिलं. जोडाक्षरावर जीभ जराशी अडखळली, बंद खोलीचं दार ढकलताना अडखळतं तशी. आणि मग ते नाव तोंडभर पसरलं, कोमट. त्यांना स्वतःचाच राग आला. अपमान झालेल्या बाईनं असं बसू नये.

‘ठरलंय आपलं,’ म्हणे. ठरवलं कोणी? नूपुरनं ठरवलं होतं आणि प्रेमलताबाईंनी मटार सोलता सोलता ‘बरं बरं’ म्हटलं होतं. मंडळातल्या कोणाच्या घरी फसवणुकीचा फोन आल्याचं ऐकून आली होती ती. जेवणाच्या टेबलाशी बसून समजावत होती, “आई, तुम्ही दिवसभर ग्रुपवर आवाज पाठवता ना...” पाठवायच्याच त्या. लिहिणं जमत नव्हतं असं नाही, पण बोट एका अक्षरावर ठेवलं की दुसरंच उमटायचं, आणि बोलायला काय लागतं! आमटीचं प्रमाण, कोणाच्या मुलाचं लग्न, कोणाला झापायचं, सगळं बटण दाबून बोलायचं नि सोडून द्यायचं. “त्या सगळ्या आवाजांचा आता डेटा झालाय,” नूपुर म्हणाली. “म्हणजे?” “म्हणजे साठा. तुम्ही शब्द कसे ओढता, कुठं थांबता, हे मशीन त्या साठ्यातून शिकतं, आणि मग तुम्ही कधीच न बोललेलं तुमच्या आवाजात बोलून दाखवतं.” प्रेमलताबाई म्हणाल्या होत्या, “मग त्याला म्हणावं, दुधवाल्याला झाप माझ्या वतीनं.” नूपुर हसली नव्हती. आवाज आता कुलूप राहिला नाही, म्हणत होती. चेहरा नाही, सही नाही. जे कुठल्याच फोनमध्ये नाही, कुठं लिहिलेलं नाही, ग्रुपवर कधी गेलेलं नाही, फक्त दोन माणसांच्या डोक्यात आहे, तेवढंच कुलूप. असं काय आहे आपल्या दोघींकडे? आणि मटाराच्या टरफलांकडे बघत तिनंच हळूच सुचवलं होतं, “तुमचा लग्नातला उखाणा. मला पाठ आहे.” तो तिथं म्हणून मात्र तिनं दाखवला नव्हता, त्यांनीही नाही. मटार सोलणं चालू राहिलं होतं.

शिकवायची हौस आहे तिला, हे खरं. आणि शिकवते तेव्हा वरून बोलत नाही, हेही खरं. रागातसुद्धा खऱ्याला खोटं म्हणणं प्रेमलताबाईंना जमत नसे. एकदा त्यांनी विचारलं होतं, तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांची कुलपं लिहून ठेवलेली असतात, मग चोर ती वहीच का नाही पळवत? नूपुर चहा पिता पिता थांबली. म्हणाली, “आई, वहीत हळकुंड नसतं, दळलेली हळद असते.” पासवर्ड आला की यंत्र तो दळून टाकतं आणि भुकटी तेवढी ठेवतं. पुन्हा तुम्ही तोच पासवर्ड दिलात की पुन्हा दळायचं आणि भुकटी जुळते का बघायचं. भुकटी कोणी चोरली तरी तिचं परत हळकुंड होत नाही. हे प्रेमलताबाईंना इतकं पटलं की त्यांनी सांगलीच्या भावाला फोन करून ऐकवलं. हळदीच्या गावचा माणूस तो, त्याला काही कळलं नाही. पण सांगलीची हळद नूपुरला सुचली कशी? ती तर नागपूरची. म्हणजे सासूला कळावं म्हणून तिनं शोधून आणली होती ती हळद. हा विचार प्रेमलताबाईंनी लगेच बाजूला सारला. अशा विचारांनी राग पातळ होतो.

“मासीमा, जल खाबेन?” कादंबरीनं बाटली पुढं केली. त्यांनी हात पुसून बाटली घेतली आणि वरूनच पाणी तोंडात ओतलं. बंगालीत पाणीसुद्धा ‘खातात’, याची गंमत त्यांना पहिल्या दिवसापासून वाटायची. बाटली परत देताना त्यांच्या ध्यानात आलं, आपण हात का पुसला? ओला नव्हताच. सवय. लोणच्याच्या बरणीची सवय. त्यांच्या घरात बरणीला हात लावायचा तर आधी हात पुसायचा, मग चमचा पुसायचा, मग झाकण काढायचं. हाच क्रम, आणि यातली एक पायरी चुकली तर माघारी. माणूस कोणीही असो. कौस्तुभ तापातून उठून भातावर लोणचं मागत होता तेव्हाही आधी हात दाखव. हे एकदा पूजा करून ओल्या हातानं आले होते, तर त्यांच्या मनगटावर डाव मारला होता. “बँकेत माझ्या सहीवर तिजोरी उघडते,” हे म्हणाले होते, “आणि घरात बरणी उघडत नाही?” “तिजोरीला बुरशी येत नाही,” त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या आईनं, खुद्द जन्मदात्रीनं, एकदा बरणीकडे हात नेला तेव्हाही तोंडातून तेच निघालं होतं: आई, हात दाखव. आई रुसली नव्हती. उलट म्हणाली, शिकलीस हो. बरणीला माणूस कळत नाही, ओल कळते. म्हणून तर वर्षभराचं लोणचं वर्षभर टिकायचं, आणि शेजारच्या मुखर्जीबाई दर चैत्रात वाटी घेऊन यायच्या. उखाणा घ्या. हात दाखव. प्रेमलताबाईंनी पाय खाली सोडले, पुन्हा वर घेतले. बरणी वेगळी, सासू वेगळी, असं त्यांनी स्वतःला बजावलं, पण बजावण्यात जोर नव्हता.

नूपुर मेट्रोच्या बाजूनं आली. चालत नव्हती, पळत होती. ओढणी एका खांद्यावर, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र उलटं झालेलं. जवळ येऊन ती उभी राहिली आणि प्रेमलताबाईंकडे नुसती बघत राहिली, पायापासून डोक्यापर्यंत, परत पायापर्यंत. मग खाली बसली, चक्क फलाटाच्या फरशीवर, आणि त्यांचे दोन्ही गुडघे धरले.

“उठ आधी. लोक बघतायत,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “मघाशी मला बघत होते, आता तुला.”

“आई, तुमचा पहिला फोन दुपारी जेवायच्या वेळेला आला होता मला.”

“मी कुठं केला?”

“तुम्ही नाही केलात. तुमच्या आवाजानं केला.” नूपुरचे हात गुडघ्यांवरून निघेनात. “परका नंबर, आणि तुम्ही. हुबेहूब तुम्ही. ‘अगं कोण काय, मी बोलतेय,’ सुद्धा तसंच. म्हणालात, गाडीतून उतरताना पडले, हॉस्पिटलात आणलंय, तुझ्या फोनवर एक आकडा आलाय तो लगेच सांग, नाहीतर हे लोक हात लावत नाहीत. आणि आकडा खरंच आला होता. तुमच्या पेन्शनच्या खात्याचा, त्याला माझाच नंबर जोडलाय ना. मी पहिले दोन अंक बोललेसुद्धा, आई.”

“मग?”

“मग आठवलं. म्हटलं, उखाणा घ्या. तर तुम्ही रडायला लागलात. इकडं जीव चाललाय आणि तुला उखाणे सुचतात, म्हणालात. मी परत म्हटलं, उखाणा घ्या. तुम्ही रडतच होतात. मी ठेवला फोन. तुम्ही रडत असताना.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “बँकेला कळवलं, सिम बंद केलं, सगळं एकापाठोपाठ एक केलं, पण आत एकच चाललं होतं, त्या खऱ्याच असल्या तर? विजयामावशींना फोन केला, त्या म्हणाल्या निघाल्या कधीच्या. मग परत परका नंबर, परत तुमचा आवाज, परत नंबर मागताय. मला वाटत होतं, ओरडून ‘आई’ म्हणावं. पण त्या चोरांना तेच हवं असतं ना, आपण आधी ‘आई’ म्हणावं.”

“आणि मी घेतल्यावर गप्प का झालीस? बरं म्हणून ठेवलास फोन. तोडून टाकल्यासारखा.”

“आवाज फुटत नव्हता माझा,” नूपुर म्हणाली.

कादंबरीची गाडी लागली होती. ती उठली, मिठाईच्या खोक्याची दोरी सोडून छेन्याचे दोन संदेश काढून तिनं नूपुरच्या तळव्यावर ठेवले, कोण का रडतंय ते न विचारता, आणि प्रेमलताबाईंच्या खांद्याला हात लावून गर्दीत शिरली. प्रेमलताबाईंनी बसल्या जागेवरून तिला हात जोडले. ती पाठमोरी होती, तरी जोडले. परमुलखात कोणी कोणाचं नसतं असं म्हणणाऱ्यांना एकदा या बाकावर आणून बसवलं पाहिजे. त्या विचार करत होत्या: उलटं झालं असतं तर? तो फोन आपल्याला आला असता, नूपुरच्या आवाजात, नूपुर रडतेय, आकडा सांगा म्हणतेय, तर? आपण दिला असता. एक नाही, होते नव्हते तेवढे सगळे दिले असते. उखाणा-बिखाणा काही आठवला नसता. आपल्या रडण्यापुढं टिकून राहायला या पोरीला किती जड गेलं असेल!

“मी रडत होते म्हणालीस?” त्यांनी विचारलं.

“हो. हमसून हमसून.”

“मग तिथंच ओळखायचंस. मला कधी रडताना पाहिलंस तू? निमतल्याच्या स्मशानघाटावर यांना निरोप दिला तेव्हा तरी?”

नूपुर रडता रडता हसली, नाक पुसलं, आणि मग तिच्या कामावरच्या आवाजात म्हणाली, “हा उखाणा आता गेला पण. एवढ्या माणसांत बोललात तुम्ही. उघड्यावर बोललेलं कुलूप पुन्हा वापरायचं नसतं. नवा जुळवावा लागेल. आणि खरं तर मधूनमधून बदलतच राहावं लागेल.”

“म्हणजे दर वेळी नवा?”

“दर वेळी.”

“त्यांच्या नावाचा?”

नूपुरनं मान वर केली. एवढ्यात तिलाही ते कळलं असावं, कारण तळव्यावरचा एक संदेश तिनं सासूपुढं धरला. प्रेमलताबाईंनी तो घेतला नाही. आधी उठल्या, निऱ्या झटकल्या, उलटं झालेलं ओळखपत्र सुनेच्या गळ्यात सरळ केलं. आणि मंडळाच्या हॉलमध्ये पोचतो त्या आवाजात, आजूबाजूच्यांनी ऐकलं तर ऐकू दे म्हणून, तिला म्हणाल्या:

“वागलीस उद्धटासारखी. त्यात मी एक अक्षर बदलणार नाही. सासू उन्हातान्हाची स्टेशनात उभी आहे आणि तू तिला पोरीबाळीसारखं नाव घ्यायला लावतेस. पण ऐक. यापुढं माझा फोन आला आणि माझा आवाज अगदी लख्ख ओळखलास ना, तरी ओळख देऊ नकोस. कितीही चिडले तरी देऊ नकोस. आधी नाव घ्यायला लाव मला.”